दवाखान्याचा हजेरीपट

अल नहदा हे अरबी नाव आहे. त्याचा अर्थ नवजागृती, उत्थान. संयुक्त अरब अमिरातीतील या नावाची वस्ती दुबई आणि शारजा यांच्या सीमेवर वसली आहे, आणि गंमत अशी की सीमेच्या दोन्ही बाजूंना तिचे नाव एकच आहे. दुबईचे अल नहदा संपते तेथेच शारजाचे अल नहदा सुरू होते. इमारती दोन्हीकडे सारख्याच उंच. खाली किराणा दुकान, न्हाव्याचे दुकान, औषधांचे दुकान आणि एखादा छोटा दवाखाना. वर केरळ, तामिळनाडू, गुजरात, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातून आलेली बिऱ्हाडे. आपल्या बेटावरूनही काही कुटुंबे नोकरीसाठी तिकडे गेली आहेत. त्यांपैकी एक माझ्या मावसबहिणीचे.

दुबईहून परत आलेल्या माणसाला लोक सोन्याचा भाव विचारतात. वाचकहो, मी या लेखात दवाखान्याविषयी लिहिणार आहे. कारण साधे आहे. आपल्या समाजात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेले घर शोधावे लागते. तीच माणसे नोकरीसाठी आखातात जातात, आणि जाताना तो आजारही सामानाबरोबर नेतात. अशा आजाराला मोठे रुग्णालय क्वचित लागते. लागतो तो कोपऱ्यावरचा दवाखाना, महिन्या-दोन महिन्यांनी, वर्षानुवर्षे. तो दवाखाना चांगला चालावा, आणि गेल्या वर्षापेक्षा यंदा अधिक चांगला चालावा, यासाठी नेमके काय लागते?

मोठ्या रुग्णालयांची तेथे वाण नाही. दुबईच्या अल नहदात २००४ साली उभे राहिलेले झुलेखा हॉस्पिटल तर नागपूरच्या एका डॉक्टर बाईंचे आहे. डॉ. झुलेखा दाऊद नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १९६० च्या दशकात आखातात आल्या. त्या काळी शारजात रस्तेसुद्धा धड नव्हते. बाळंतपणे करता करता त्यांनी १९९२ साली शारजात स्वतःचे रुग्णालय काढले आणि पुढे दुबईत. २०१९ साली भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. हा इतिहास वाचून कोणत्याही मराठी माणसाला आनंद व्हावा. परंतु रुग्णालय वेगळे आणि प्राथमिक आरोग्यसेवा वेगळी. रुग्णालयात आपण पडल्यावर जातो. प्राथमिक सेवेचे काम आपण पडू नये हे आहे.

पैशाची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. दुबईने २०१३ साली आरोग्यविम्याचा कायदा केला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तो टप्प्याटप्प्याने सर्वांना लागू केला. शारजा आणि उत्तरेकडच्या इतर अमिरातींत खाजगी नोकरदारांसाठी आणि घरकामगारांसाठी विम्याची सक्ती यायला १ जानेवारी २०२५ उजाडावे लागले. सक्ती आली तेव्हा तेथला मूळ विमा वर्षाला ३२० दिरहमपासून मिळत होता. तोपर्यंत एकाच नावाच्या वस्तीत, एकाच इमारतीच्या एकाच मजल्यावर, दुबईचा व्हिसा असलेल्या माणसाकडे विम्याचे कार्ड असे आणि शारजाचा व्हिसा असलेल्या शेजाऱ्याकडे बहुधा नसे. हे अंतर कमी झाले ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. पण विमा दवाखान्याचे दार उघडून देतो. आत काय होते ते विम्यावर ठरत नाही.

आत काय होते याचा एक नमुना सांगते. ताईच्या इमारतीजवळच्या एका दवाखान्यात केरळची एक परिचारिका होती. दवाखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. त्या बाईंनी स्वतःच्या पैशाने एक दोनशे पानी वही घेतली होती. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला त्यात एक ओळ. ओळीत बारा महिन्यांचे बारा चौकोन. रुग्ण आला की चौकोनात खूण. महिनाअखेरीस ज्या ओळीत खूण नसेल त्या माणसाला त्या स्वतः फोन करीत : काय झाले, गोळ्या संपल्या का, गावी गेला होता का? ताईचे यजमान, आमचे भावोजी, दोनदा असे पकडले गेले. दोन वर्षे त्यांची साखर आटोक्यात राहिली. मग त्या परिचारिकेला दुसऱ्या देशात अधिक चांगली नोकरी मिळाली व त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार होती, हसतमुख होती, पण वही कशासाठी आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. वही खणात राहिली. भावोजींना फोन आला नाही. सात महिन्यांनी त्यांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा ते आपण होऊन गेले. पाय वाचला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे ही हकिगत ऐकताच मला आमचा हजेरीपट आठवला. हजेरीपटाचे वैशिष्ट्य काय? त्यात नावे आधी लिहिलेली असतात. मूल आले नाही तर रिकामा चौकोन डोळ्यांत खुपतो. दवाखान्याचे रजिस्टर याच्या अगदी उलट असते. जो आला त्याचेच नाव त्यात चढते. जो आला नाही तो कागदावर अस्तित्वातच नसतो. दिवसाला साठ रुग्ण तपासले म्हणून दवाखाना समाधानी असतो, आणि ज्याने यायला हवे होते तो एकसष्टावा घरी बसून अंगठा काळा पडताना पाहत असतो. त्या परिचारिकेने रजिस्टर काढून टाकून हजेरीपट आणला होता. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर मोठमोठे शब्द वापरले जातात. माझ्या मते पहिली पायरी एवढीच आहे. कोणी यायला हवे आहे याची यादी करा, आणि कोण आले नाही ते पाहा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. ती यादी कोणाच्या हाती असावी? याचे उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हाला वाळवंटातून महाराष्ट्रात नेते, कारण हा प्रश्न तेथे पन्नास वर्षांपूर्वी सोडवून पाहिला गेला आहे.

अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, जामखेड नावाचा दुष्काळी तालुका आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० साली तेथे येऊन राहिले. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत होती. आरोळ्यांनी प्रथम जे केले ते कोणीही केले असते. प्रशिक्षित नर्सेस गावोगाव नेमल्या. ते जमले नाही. शिकलेल्या, परगावच्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे कठीण, आणि गावातल्या बायांना त्या परक्या. तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना आली की आमच्याच गावातली बाई घ्या. घेतल्या त्या बहुतेक निरक्षर, वयाने पोक्त, पुष्कळशा दलित वस्तीतल्या, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. डॉक्टरी पेशातल्या लोकांना हा वेडेपणा वाटला. १९७६ पर्यंत बालमृत्यूचा आकडा १७६ वरून ५२ वर आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर एक प्रकरण होते, आणि १९७८ साली आल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला तेव्हा त्यामागे जामखेडसारख्या ठिकाणचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा चमत्कार कसा झाला याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षकाच्या नजरेने मला त्यातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. या बायांचे शिक्षण संपलेच नाही. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे एकदा जायचे, प्रमाणपत्र घ्यायचे, फोटो काढायचा. जामखेडमध्ये त्या आठवड्या-आठवड्याला केंद्रावर येत. या आठवड्यात गावात काय झाले ते प्रत्येकीने सांगायचे. एखादे मूल हगवणीने गेले तर ते का गेले, मीठ-साखरेचे पाणी कोणी दिले होते का, आईने ते का थांबवले, याची सगळ्यांसमोर चर्चा. जुन्या बाया नव्यांना शिकवीत. एक नवी गोष्ट घ्यायची, गावात जाऊन करून पाहायची, पुढच्या आठवड्यात येऊन सांगायची. आज परिषदांतून 'लहान बदल करा, मोजा, सुधारा, पुन्हा करा' असे जे चक्र भिंतीवर दाखवतात, ते या निरक्षर बाया जमिनीवर बसून फिरवीत होत्या. आणि चूक सांगितली म्हणून कोणाची नोकरी जात नव्हती. मुळात ती पगारी नोकरी नव्हतीच. थोडे मानधन मिळे, पोटासाठी शेळ्या, बांगड्या असा काही जोडधंदा असे, आणि खरी कमाई म्हणजे गावातली पत. ज्या बाईला पूर्वी विहिरीवर शिवू देत नव्हते तिला बाळंतपणासाठी पाटलाच्या घरून बोलावणे येऊ लागले.

त्यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ यांना १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलावले होते. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की डॉक्टर या झुंबरासारखे आहेत, सुंदर आणि महाग. आम्ही पणत्या, पण एका पणतीने दुसरी लावता येते. भावोजींच्या दवाखान्यातली ती वही विझली, कारण जाणाऱ्या पणतीवर दुसरी लावून घेण्याची व्यवस्थाच कोणी केली नव्हती.

जामखेडहून पूर्वेला, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून आहेत.

पहिली, लोकांना विचारण्याची. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत असे विचारल्यावर जी उत्तरे आली ती कोणत्याही तपासनिसाच्या तक्त्यात बसली नसती. त्या भागात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात, आणि रुग्णालयात डॉक्टर, नर्स, चादरी सगळे पांढरे. शिवाय आजारी माणसाला आत घेऊन नातेवाइकांना बाहेर ठेवतात. मग शोधग्रामचे रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, झोपड्यांचे बांधले, नातेवाईक बरोबर राहतील असे, आणि त्याला देवीचे नाव दिले : मा दंतेश्वरी दवाखाना. गुणवत्ता सुधारण्याचे याहून स्वस्त साधन मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट मण्यांची. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का हे ओळखायचे तर एका मिनिटात श्वास किती ते मोजावे लागतात. मोजणार कोण? दाई. तिला साठपर्यंत आकडे येत नाहीत आणि हातात घड्याळ नाही. तेव्हा बंगांनी एक साधन तयार केले. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मण्यांच्या दोन रांगा, एक तान्ह्या बाळासाठी, एक थोड्या मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे! पहिलीच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने या साधनाला नमस्कार करावा. अडचण माणसात आहे असे म्हणून न थांबता, साधन माणसाच्या मापाचे केले.

पुढे ३९ गावांत, गावातल्याच बायांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करून त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. या बाया बाळाचे वजन करीत, ऊब ठेवीत, श्वास अडला तर मुखवट्याने हवा देत आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही देत. प्रत्येक भेटीची नोंद त्या स्वतः ठेवीत. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन त्या नोंदी आईला विचारून पडताळून पाही, आणि चुकले असेल तर तेथेच, बाळाजवळ बसून, पुन्हा शिकवी. १९९३-९५ मध्ये त्या गावांत हजारी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या आसपास उतरला, आणि ज्या शेजारच्या गावांत हे काम नव्हते तेथे तो ६० वरच राहिला. हा अहवाल १९९९ साली लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आला. २०११ पासून भारत सरकारने हीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. आज महाराष्ट्रातल्या खेड्यात बाळ जन्मले की आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. कोणत्या दिवशी जायचे हे आधीच लिहिलेले असते. पुन्हा तोच हजेरीपट.

येथे नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००१ साली बंग आणि महाराष्ट्रातील इतर संस्था यांनी मिळून 'कोवळी पानगळ' नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी आपापल्या भागात घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले होते. सरकारी कागदांत त्यांतले बहुतेक मृत्यू नव्हतेच. कागदावर मुले मरत नव्हती, कारण मृत्यू लिहिला तर लिहिणाऱ्यावरच ठपका येणार होता. शाळेत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. निरीक्षक येणार म्हटले की फळा पुसला जातो, फुलदाणी येते, आणि त्या दिवशी हजेरीत एकही चौकोन रिकामा नसतो. आमच्या शिक्षक प्रशिक्षणात एक वयस्क व्याख्याते होते, ते म्हणत की तपासणीला येणाऱ्यापुढे शिक्षक झाकतो आणि मदतीला येणाऱ्यापुढे उघडतो. दवाखान्यांच्या दर्जाच्या तपासण्या होतात, मानांकने मिळतात, चौकटी भिंतीवर लागतात. स्वच्छता, औषधांची साठवण, आगीपासून संरक्षण यांसाठी त्यांचा उपयोग आहे, तो मी नाकारीत नाही. पण भावोजी सात महिने आले नाहीत हे कोणत्याही चौकटीला दिसले नाही.

आपल्या बेटाचे उदाहरण वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७३ साली मॉरिशस मलेरियामुक्त म्हणून जाहीर झाले. १९७५ च्या फेब्रुवारीत जेर्व्हेज वादळाने बेट झोडपले, आणि त्याच वर्षी मलेरिया परत आला. त्याला पुन्हा घालवायला नव्वदीच्या दशकाची अखेर उजाडली. तो पुन्हा मूळ धरू शकलेला नाही याचे एक मोठे कारण एका कंटाळवाण्या कामात आहे. मलेरियाच्या देशातून विमानाने उतरलेल्या प्रवाशांची यादी होते आणि आरोग्य खात्याचा माणूस घरी जाऊन रक्ताचा थेंब घेतो. कधी कधी आपण त्याच्यावर वैतागतो, दारात उभे ठेवतो. पण तो यादी घेऊन येतो, आणि यादीतला माणूस सापडेपर्यंत परत परत येतो. तो बदलून गेला तरी यादी खात्याची असते. ती कोणा एकाच्या खणात राहत नाही.

आता परत अल नहदाला येऊ. जामखेडच्या बाईची ताकद एका गोष्टीत होती : ती तेथलीच होती आणि तेथेच राहणार होती. अल नहदात तेथले असे कोण आहे? डॉक्टर दोन-तीन वर्षांसाठी, परिचारिका चांगली संधी येईपर्यंत, रुग्ण नोकरी असेपर्यंत. कंपनीने विमा बदलला की दवाखाना बदलतो, कारण जुना दवाखाना नव्या कार्डावर चालत नाही. घर सीमेपलीकडे हलवले की भाडे कमी होते व शाळेची बस बदलते. दुबईने दवाखान्यांतल्या नोंदी जोडण्यासाठी 'नाबिध' नावाची संगणक व्यवस्था केली आहे. अरबीत त्या शब्दात नाडीच्या ठोक्याचा अर्थ आहे. उत्तरेकडच्या अमिरातींसाठी 'रिआयती' आहे. हिंदी-उर्दू जाणणाऱ्याला वाटेल की हे काही सवलतीचे प्रकरण असावे, पण अरबीत त्याचा अर्थ 'माझी काळजी'. या व्यवस्था उत्तम आहेत, आणि नव्या डॉक्टराला जुना कागद दिसतो हा मोठा फायदा आहे. तरी त्यांतही तोच दोष उरतो. डॉक्टरासमोर बसलेल्या माणसाचा कागद उघडतो. न आलेल्याचा कागद कोण उघडणार?

तेथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अल नहदातल्या मुलांच्या लशी चुकत नाहीत. ताईच्या धाकट्या मुलीची एक लस राहिली होती, तर आठ दिवसांत शाळेतून दोन चिठ्ठ्या. याचे कारण असे की दुबईतल्या शाळांत परिचारिका असते आणि तिच्याजवळ शाळेचा पट असतो. मुलाचे नाव पटावर आहे म्हणून मूल निसटत नाही. बापाचे नाव कोणत्याच पटावर नाही, म्हणून बाप निसटतो. आईचे तर त्याहून नाही, कारण ती नोकरी करीत नसेल तर कंपनीच्या तपासणीतही ती कोणाला दिसत नाही. जी यंत्रणा मुलाची लस शोधून काढते, ती वर्षातून एकदा, फॉर्म भरताना, आईबापांच्या रक्तदाबाविषयी दोन ओळी का विचारू शकत नाही? त्यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. असे कोठे होते आहे असे मी म्हणत नाही; एक शिक्षिका म्हणून शाळेपुरते सुचवीत आहे.

शाळेखेरीज टिकून राहणारा दुसरा माणूस म्हणजे इमारतीचा रखवालदार. तिकडे त्याला सगळे 'नातूर' म्हणतात. भाडेकरू येतात-जातात, नातूर पंधरा-पंधरा वर्षे तेथेच. कोणाकडे रात्री रुग्णवाहिका आली, कोणत्या म्हाताऱ्या आजी आठ दिवस खाली उतरल्या नाहीत, हे त्याला डॉक्टराआधी कळते. तिसऱ्या म्हणजे बायका. आखातात नवऱ्यांची नोकरी फिरते, पण मुलांची शाळा तुटू नये म्हणून बायका घर धरून ठेवतात, आणि एकाच मजल्यावर दहा-दहा वर्षे काढतात. जामखेडची बाई शोधायचीच असेल तर ती येथे आहे, फक्त तिच्या हातात कोणी मणी दिलेले नाहीत.

भावोजींच्या पायाचे प्रकरण निभावल्यावर ताईने तेच केले. तिच्या इमारतीत मराठी, गुजराती व तेलुगू मिळून अकरा घरांतल्या मधुमेहाच्या माणसांनी आपली नावे तिला लिहून घेऊ दिली. विचारल्याशिवाय कोणाचे नाव घ्यायचे नाही आणि एकाचे आकडे दुसऱ्याला सांगायचे नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. आकडे ज्याच्या त्याच्या वहीत : औषधांची नावे कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने, तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीची तारीख, रक्तदाब, पायाची व डोळ्यांची तपासणी कधी झाली ते. विमा किंवा दवाखाना बदलला की ही वही आणि जुन्या दवाखान्यातून मागून घेतलेली अहवालांची प्रत बरोबर न्यायची. प्रत मागितली तर बहुधा देतात, पण मागावी लागते. आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी त्यांना एवढे जरूर कळवावे. विम्याच्या बाबतीत आणखी एक : २०२५ चा शारजाचा नियम नोकरदारासाठी आहे, बायकोमुलांचा विमा आपोआप होतो असे समजू नये, मालकाला विचारून घ्यावे.

ताईच्या स्वतःच्या कागदावर फक्त नावे आणि महिने आहेत. तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. कोणी बिऱ्हाड हलवले की नातूर येऊन सांगतो. कागदाची एक नक्कल चौथ्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंकडे असते, ताई भारतात किंवा आपल्याकडे सुट्टीवर आली तर महिनाअखेरीचे फोन त्या करतात. मी निघाले तेव्हा त्या महिन्याचे दोन चौकोन रिकामे होते. त्यांतला एक भावोजींचा होता, आणि ताई फोन न करता सरळ दिवाणखान्यात गेली.